मोटारीचें मेण : बाहेर आणि आंत



नवी मोटारगाडी घरीं आणल्यावर पहिल्या वर्षांत मनुष्य तिची जितकी निगा राखतो, तितकी पुढें सहसा राखीत नाहीं. रविवारीं सकाळीं शहरांतील कोणत्याहि सोसायटीच्या अंगणांत डोकावून पाहावें. बादली, दोनतीन फडकीं आणि एक चपटी डबी घेऊन कोणीतरी गृहस्थ गाडीशीं झटत असलेले दिसतात. त्या डबींत मेण असतें. तें टपावर लागतें, दारांवर लागतें, फडक्यानें घोटलें जातें, आणि समोरचें गुलमोहराचें झाड गाडीच्या अंगांत आरशांतल्यासारखें दिसूं लागतें. इतकें झाल्यावर डबीच्या तळाशीं थोडें मेण शिल्लक आहे असें गृहस्थांच्या ध्यानांत येतें. मग मनांत विचार येतो कीं, जें बाहेरच्या पत्र्याला इतकें मानवलें तें आंतल्या डॅशबोर्डाला, आसनांना, दारांच्या अस्तराला कां मानवूं नये? ऊन आंतहि येतें, धूळ आंतहि बसते. मग बाहेरचें मेण आंत लावलें तर बिघडलें काय?

हा प्रश्न मला पुष्कळांनीं विचारला आहे. विचारणारांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, आणि वीस-वीस वर्षें टॅक्सी चालविलेले चालकहि होते. त्याला एका शब्दाचें उत्तर देतां येत नाहीं. गाडीच्या आंत अशा कांहीं जागा आहेत कीं जेथें हें मेण अवश्य लावावें. आणि अशाहि आहेत कीं जेथें तें लावल्यानें वस्तू तर बिघडतेच, पण प्रसंगीं जिवावर बेतूं शकतें. हा फरक समजण्यासाठीं आधीं हें मेण म्हणजे काय पदार्थ आहे आणि तें काम कसें करतें हें पाहिलें पाहिजे.

मोटारीच्या उत्तम मेणांतील नांवाजलेलें द्रव्य म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधील सेआरा, पिआउई ह्या कोरड्या प्रदेशांत ह्या नांवाचा एक ताडाच्या कुळांतील वृक्ष होतो. तेथील दीर्घ उन्हाळ्यांत पानांतला ओलावा उडून जाऊं नये म्हणून हा वृक्ष आपल्या पानांवर मेणाचा थर धरतो. पानें कापून वाळवितात, झोडपून त्यांवरील भुकटी काढतात, आणि ती वितळवून गाळली म्हणजे पिवळसर, ठिसूळ व अतिशय कठीण असें मेण हातीं येतें. मधमाशांचें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. कार्नोबाला ८२ ते ८६ अंश लागतात. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील रासीन येथें मेणाचा मोठा कारखाना चालविणारे एच. एफ. जॉन्सन हे १९३५ सालीं पाण्यावर व जमिनीवर दोन्हीकडे उतरूं शकणाऱ्या सिकॉर्स्की विमानांतून खुद्द ब्राझीलला गेले, तें ह्याच झाडांचा शोध घेण्यासाठीं. फरशीला चकाकी आणणारा कारखानदार एका ताडाच्या पानासाठीं एवढा प्रवास करतो, ह्यावरून ह्या मेणाचें व्यापारांतील महत्त्व ध्यानांत येईल.

परंतु डबींत सगळें कार्नोबा नसतें. इतकें कठीण मेण फडक्यानें पसरतां यावयाचें नाहीं. म्हणून त्यांत पॅराफीन व इतर मऊ मेणें, सिलिकोन तेलें, आणि रॉकेलच्या जातीचे, हवेंत उडून जाणारे द्रावक मिसळलेले असतात. जे मेण 'सफाई करणारें' म्हणून विकलें जातें, त्यांत तर अतिशय बारीक दळलेलें घर्षणचूर्णहि असतें. जुन्या रंगाच्या वरचा मेलेला, खडूसारखा झालेला थर खरवडून काढणें हें त्याचें काम. अलीकडे कृत्रिम बहुवारिकांचीं आणि सिलिकायुक्त लेपनें निघालीं आहेत, त्यांचा घाट निराळा. पण आज मी जें सांगणार आहें तें त्यांनाहि बहुतांशीं लागू आहे.

आतां हें काम कसें करतें तें पाहूं. आजच्या गाडीच्या पत्र्यावर अस्तराचा रंग, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असे थर असतात. ते सगळे मिळून साधारणपणें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे, किंवा थोडे अधिक जाड भरतात. वरचें रोगण कठीण व गुळगुळीत असतें. मेण लावलें कीं द्रावक उडून जातो आणि मागें एक पांढुरकी साय राहते. ती साय फडक्यानें घोटून काढली म्हणजे पृष्ठभागावर अतिशय पातळ असा मेणाचा पदर उरतो. पाणी त्यावर पसरत नाहीं, थेंब होऊन ओघळतें. ह्या सगळ्या क्रियेंत 'घोटून काढणें' ही गोष्ट मुख्य आहे, आणि घोटणें शक्य होतें तें पृष्ठभाग कठीण व सपाट असतो म्हणून. ही अट जेथें पुरी होत नाहीं तेथें मेण मेणाचें काम करीत नाहीं. पितळेचीं भांडीं आपण चिंचेनें लखलखीत करतों, म्हणून देवघराच्या संगमरवरी फरशीवर कोणी चिंचेचा कोळ ओतीत नाहीं. ओतल्यास फरशीची झिलई कायमची जाते. द्रव्य चांगलें कीं वाईट हा प्रश्न तेथें नसतोच.

ही अट घेऊन आपण गाडीचें दार उघडूं या.

समोर डॅशबोर्ड दिसतो. बहुतेक गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो, आणि त्यावर हात फिरविला तर कातड्याच्या सुरकुत्यांसारखी बारीक नक्षी बोटांना लागते. ही नक्षी केवळ शोभेसाठीं आहे असा पुष्कळांचा समज असतो. मेण लावल्यावर पहिली खोड निघते ती येथें. ती पांढुरकी साय नक्षीच्या खळग्यांत जाऊन बसते. फडकें उंचवट्यांवरून फिरतें, खळग्यांत पोंचत नाहीं. दोनचार दिवसांत काळ्या डॅशबोर्डावर चुन्याचा हात फिरविल्यासारखे पट्टे दिसूं लागतात. गृहस्थ तें झांकण्यासाठीं आणखी मेण लावतात. रोग बरा, पण औषध नको, अशी अवस्था होते.

पण कुरूपता ही त्यांतल्या त्यांत लहान गोष्ट. खरा धोका आहे तो चकाकीचा. गाडीच्या रचनाकारांनीं डॅशबोर्डाचा वरचा भाग मुद्दाम निस्तेज व खरबरीत ठेविलेला असतो. समोरची कांच आजकाल फार तिरपी असते. डॅशबोर्डावर पडलेला प्रकाश वर उसळून कांचेच्या आंतल्या अंगावर आपटतो आणि तेथून थेट चालकाच्या डोळ्यांत येतो. पृष्ठभाग खरबरीत असला म्हणजे हा प्रकाश चोहोंकडे विखुरतो व त्याचा त्रास होत नाहीं. तो गुळगुळीत झाला कीं आरशाप्रमाणें एकाच दिशेनें परततो, आणि कांचेवर एक पांढुरका पडदा ओढल्यासारखा होतो. मेणाचें सारें कौशल्य पृष्ठभाग गुळगुळीत करण्यांतच आहे; म्हणजे रचनाकारानें जें टाळण्यासाठीं खटपट केली, तेंच आपण डबीभर पैसे मोजून घरीं आणतों.

नागपूरच्या माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांची हकीकत सांगतों. उन्हाळा लागण्यापूर्वीं डॅशबोर्डाचें रक्षण व्हावें ह्या सद्हेतूनें त्यांनीं त्यावर बाहेरचें मेण चांगलें घोटून बसविलें. त्यांचें काम इतकें नीटनेटकें कीं पांढरे पट्टे वगैरे कांहीं नाहीं. अगदीं शिसवी लांकडासारखी झळाळी. चारच्या सुमारास ते पत्नीसह अमरावतीकडे निघाले. सूर्य समोर. कांच धुरकट दिसूं लागली, तेव्हां ती मळली असेल असें समजून त्यांनीं दोनदां पाण्याचा फवारा मारला, पुसणी फिरविली, पडदा हलेना. रस्त्याकडेच्या झाडांच्या सावल्या पडत तेवढा वेळ स्वच्छ दिसे, पुन्हा ऊन आलें कीं सर्व पांढरें. अशाच एका पांढऱ्या क्षणीं सायकल हातांत धरून रस्ता ओलांडणारा एक मुलगा त्यांना दिसला नाहीं. पत्नी ओरडल्या, "अहो, मुलगा!" आणि ब्रेक लागला. मुलगा वांचला, सायकलचें मागचें चाक तेवढें वांकलें. त्यांनीं त्या मुलाला सायकल दुरुस्तीचे पैसे दिले, आणि पुढचा सारा रस्ता डॅशबोर्डावर काळी शाल पसरून काटला. शाल पसरतांच पडदा नाहींसा झाला, हें त्यांनीं मला दोनदां सांगितलें.

आतां उष्णतेचा विचार करूं. आपल्याकडील उन्हांत उभी केलेली गाडी किती तापते ह्याची आपणांस कल्पना आहे, पण आकडे ऐकले म्हणजे ती अधिक स्पष्ट होईल. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका अभ्यासांत टेम्पी येथें उन्हाळ्याच्या दिवसांत गाड्या उन्हांत उभ्या करून मोजमाप केलें. तासाभरानंतर गाडींतील हवा सरासरी ४७ अंशांवर, आसनें ५१ अंशांवर, स्टिअरिंग ५३ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. विदर्भ-मराठवाड्यांतील वैशाखाचें ऊन ह्याहून फार सौम्य असतें असें कोणी म्हणणार नाहीं. ६९ अंश म्हणजे मधमाशांचें मेण वितळून वाहूं लागण्याच्या वरचा आंकडा. पॅराफीनच्या बऱ्याच जातीहि त्याच्या आधींच वितळतात. नुसतें कार्नोबा टिकेल, पण डबींतील मिश्रण मऊ पडतें. मऊ मेणावर धूळ बसते ती उडत नाहीं, रुतते. रक्षणासाठीं लावलेला थर अशा रीतीनें धूळ पकडण्याचा चिकट कागद होऊन बसतो. शिवाय द्रावकाचा वास बंद गाडींत कोंडतो. उघड्या अंगणांत जो वास कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, तो खिडक्या लावून वातानुकूलन चालू केलेल्या गाडींत डोकें उठवितो. लहान मुलांना तर त्याची मळमळ फार लवकर होते.

"पण मेणानें ऊन तरी अडतें ना?" असा प्रश्न येथें हटकून येतो. कार्नोबामध्यें सिनॅमिक अम्लापासून झालेले कांहीं घटक आहेत व ते अतिनील किरण थोडेफार शोषतात, हें खरें. परंतु घोटून उरलेला पदर इतका पातळ असतो कीं त्याच्यावर भिस्त ठेवण्यांत अर्थ नाहीं. दुसरें असें कीं, समोरची कांच दोन कांचांमध्यें प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि तो पापुद्रा अतिनील किरणांपैकीं बहुतेक सर्व आधींच अडवितो. बाजूच्या साध्या कडक केलेल्या कांचांतून ते अधिक येतात. म्हणजे डॅशबोर्डाचा मोठा शत्रू उष्णता. आणि उष्णतेवर मेणाचा कांहीं इलाज नाहीं.

हाताखालच्या आणि पायाखालच्या वस्तूंविषयीं एकच शब्द पुरे : नको. स्टिअरिंग, गिअरची मूठ, हातब्रेक आणि पेडलें ह्यांना मेणाचें बोटहि लागूं देऊं नये. चपलेचा तळ ओला, पेडल मेणानें बुळबुळीत, आणि पुढें खंबाटकीचा उतार, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होईल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आसनें पुष्कळ गाड्यांत रेक्झीनचीं असतात. आपण ज्याला रेक्झीन म्हणतों तें बहुधा कापडावर चढविलेलें पीव्हीसी असतें. हें द्रव्य मूळचें कडक व ठिसूळ. १९२६ सालीं अमेरिकेंत गुडरिच कंपनींतील रसायनज्ञ वाल्डो सीमन ह्यांनीं त्यांत विशिष्ट द्रव मिसळून त्याला मऊपणा आणण्याची युक्ति शोधून काढली. तो मऊपणा आणणारा द्रव उष्णतेनें हळूहळू उडून जातो. नव्या गाडीच्या वासांत त्याचा वांटा असतो, आणि समोरच्या कांचेच्या आंतल्या बाजूस जो तेलकट पापुद्रा जमतो त्यांतहि तो असतो. द्रव कमी झाला कीं रेक्झीन ताठरतें, आणि मग त्याला भेगा पडतात. मेण लावून तो द्रव परत येत नाहीं. उलट मेणांतील रॉकेलच्या जातीचे द्रावक उरलेला द्रव बाहेर ओढूं शकतात. ज्याच्या जखमेवर फुंकर घालावयाची त्याचेंच रक्त काढावें, असा हा प्रकार आहे.

खऱ्या चामड्याचीं आसनें असलीं तर त्यांवर कारखान्यांतच रंगाचा व पॉलियुरेथेनचा पदर चढविलेला असतो. मेण त्याच्या आंत शिरत नाहीं, वरच राहून मळ धरतें. पदर नसलेलें नैसर्गिक चामडें असल्यास मेण आंत मुरतें आणि डाग पडतो. दोन्हीपैकीं कोणतीहि गोष्ट इष्ट नाहीं.

वेगदर्शकावरील पारदर्शक झांकण आणि हल्लीं जवळजवळ प्रत्येक गाडींत आलेला स्पर्शपडदा ह्यांनाहि मेणापासून दूर ठेवावें. झांकण मऊ प्लास्टिकचें असतें. घर्षणचूर्णानें त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि द्रावकानें केंसासारख्या चिरा जातात. प्रवाशासमोर हवेच्या पिशवीचें झांकण असतें त्याविषयीं अधिक जपावें. आपल्याकडे चालकासमोर ही पिशवी २०१९ पासून व शेजारच्या आसनासमोर २०२१ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. द्रावकयुक्त पदार्थांनीं ह्या भागाचें प्लास्टिक सच्छिद्र होतें आणि पिशवी उघडतांना त्याचे तुकडे उडूं शकतात, अशी सूचना कांहीं गाड्यांच्या पुस्तिकांत स्पष्ट शब्दांत दिलेली असते. त्या पुस्तिका आपण विकत घेतों, पण वाचीत नाहीं, ही गोष्ट निराळी.

इतकें ऐकल्यावर डबीचें झांकण कायमचें लावून टाकावें असें कोणास वाटेल. तर तसें करूं नका. दार उघडल्यावर जी रंगविलेली चौकट दिसते, बिजागरीच्या बाजूची कड, उंबऱ्याचा पत्रा, डिकीच्या तोंडाची कड, ह्या सर्व जागीं बाहेरचाच रंग असतो, आणि तेथें हें मेण बाहेरच्या इतकेंच गुणकारी आहे. किंबहुना बाहेरपेक्षां तेथें त्याची गरज जास्त. पाणी तेथें अडकतें, चिखल सांठतो, आणि गाडी धुणाऱ्याचें फडकें तेथवर क्वचितच जातें. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा समुद्राकांठच्या गांवीं खाऱ्या हवेनें पत्र्याला गंज धरतो, तो पुष्कळदां अशाच कडांपासून. पावसाळ्यापूर्वीं एकदां व दिवाळीच्या सुमारास एकदां ह्या कडा धुवून, पूर्ण कोरड्या करून मेण लावावें. दाराच्या रबरी पट्ट्यांना मात्र तें लागूं देऊं नये. रबरावर त्याचा पांढरा डाग राहतो.

जुन्या गाड्यांचा तर प्रश्नच वेगळा. पहिल्या फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांत डॅशबोर्ड पत्र्याचाच असे आणि त्यावर बाहेरचाच रंग दिलेला असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३ सालीं रस्त्यावरून गेल्या, तरी तशा काळच्या गाड्या जपणारे हौशी लोक आपल्यांत आहेत. ज्यांच्या गाडींत असा रंगविलेला पत्रा, क्रोमची पट्टी किंवा रोगण चढविलेलें लांकूड असेल, त्यांनीं घर्षणचूर्ण नसलेलें मेण थोडकें घेऊन अवश्य लावावें. मात्र चालकाच्या समोर, कांचेखालीं येणाऱ्या भागाला फार झळाळी आणूं नये. कारण प्रकाश परततो तो पत्र्यावरूनहि परततोच.

मग प्लास्टिकचें आणि रेक्झीनचें रक्षण कशानें करावें? सर्वांत स्वस्त उपाय सावली. गाडी झाडाखालीं किंवा छपराखालीं उभी केली कीं सुंठीवांचून खोकला जातो. सावली नसेल तर समोरच्या कांचेच्या आंत घडीचा चंदेरी पडदा उभा करावा. तो डॅशबोर्डाला पडणारें ऊन थेट परतवितो. कांचांना काळी फिल्म चिकटविण्याच्या भानगडींत पडूं नये. पुढच्या-मागच्या कांचेंतून किमान ७० टक्के व बाजूच्या कांचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे, आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा काळ्या फिल्मींना मनाई केली. साफसफाईसाठीं ओलसर मऊ फडकें आणि मळ फार असल्यास सौम्य साबणाचें थोडें पाणी एवढें पुष्कळ होतें. त्याहून अधिक हौस असेल तर पाण्याच्या पायावर केलेलें, चकाकी न आणणारें, आंतल्या भागांसाठीं म्हणूनच विकलें जाणारें द्रव्य घ्यावें. तें फडक्यावर घेऊन मग पुसावें. डॅशबोर्डावर थेट फवारूं नये, नाहींतर तुषार कांचेवर जातात. दुकानदार ओलसर चकाकी दाखवून दुसरी बाटली पुढें करील. ती घेऊं नये.

कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्यांत आसनांवर बुरशी येते, तिला मेण लावावें काय, असेंहि विचारतात. बुरशी वाढते ती दमटपणावर आणि घामाच्या मळावर. मेण तिला मारीत नाहीं. आसनें पुसून, दारें उघडीं टाकून, मिळेल त्या उन्हांत गाडी वाळवावी, आणि ओल्या छत्र्या व पायपुसणीं आंत ठेवूं नयेत.

ज्यांनीं मेण आधींच लावलें आहे त्यांनीं घाबरून जाऊं नये. कोमट पाण्यांत सौम्य साबण घालून, दांत घासण्याच्या जुन्या मऊ कुंचल्यानें नक्षीच्या खळग्यांतून हलकेंच घांसावें आणि लगेच कोरड्या फडक्यानें टिपावें. पांढरे पट्टे तरीहि राहिले, तर मुलांच्या दप्तरांतील पांढरें खोडरबर घेऊन पट्ट्यावर घांसावें. मेणाची साय त्याच्या कणांबरोबर निघून येते. दोनतीन वेळां करावें लागेल. काम झाल्यावर गाडी उन्हांत उभी करून चालकाच्या जागीं बसावें आणि समोरच्या कांचेंत डॅशबोर्डाची छाया दिसते कीं काय तें पाहावें. दिसत असेल तर कुंचला पुन्हा हातीं घ्यावा.